फळीपासून डिकीपर्यंत, आणि त्यापुढे

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामाटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड या उपनगरांत स्टेशनातून बाहेर पडून भाड्याच्या फ्लॅटांकडे चालायला लागलं की वाटेत सुपरमार्केटची एखादी तरी ट्रॉली उभी दिसतेच. कधी बसथांब्याच्या बाकाला टेकलेली, कधी इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी नीट लावून ठेवलेली, तर कधी झाडाच्या आळ्यात चाक अडकून तिरपी झालेली. जवळ जाऊन पाहिलं तर हँडलवर दुकानाचं नाव असतं आणि बहुतेकदा ट्रॉली दिसल्यास कळवण्यासाठी एक फोन नंबर. जाळीच्या तळाशी कांद्याची सालं आणि पावसाने भिजून तारेला चिकटलेली पावती. लहान मुलाला बसवायची घडीची बैठक उघडीच राहिलेली. या भागात भारतीय कुटुंबांची वस्ती इतकी आहे की त्या पावतीवर दही, कोथिंबीर आणि पाच किलोचा आटा सापडला तर नवल वाटू नये.

काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बैठकांत या ट्रॉल्यांचा विषय निघतो तो टाकून दिलेल्या गाद्या आणि मोडक्या सोफ्यांच्या जोडीने. लोकांना शिस्त नाही, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. हे उत्तर मला अपुरं वाटतं. ट्रॉली जिथे सोडलेली असते तिथून हाकेच्या अंतरावर बहुधा असं कुणीतरी राहतं, ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याला आठवड्याचं वाणसामान हातात उचलून आणणं झेपणारं नव्हतं. दुकानातल्या फळीपासून गाडीच्या डिकीपर्यंत सामान नेणं, एवढंच काम डोळ्यांसमोर ठेवून ही वस्तू घडत गेली. ज्याला डिकीच नाही, त्याचा विचार तिच्या जन्मापासून कुणी केलेला नाही. रस्त्यात उरलेली ट्रॉली त्या न केलेल्या विचाराची खूण आहे, असं माझं मत आहे.

किराणा दुकानाची जुनी रीत आपल्याला परकी नाही. गिऱ्हाइकाने यादी द्यायची, दुकानदाराने माल काढायचा, तोलायचा, पुड्या बांधायच्या आणि जड असेल तर दुकानातल्या पोऱ्याने घरपोच करायचा. अमेरिकेतही साधारण हेच चालत असे. 1916 साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं आणि ही रीत मोडली. माल फळ्यांवर उघडा मांडला, गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली आणि पैसे घ्यायला दारापाशी माणूस बसवला. नोकर कमी लागले, भाव उतरले. माल काढण्याचं आणि वाहून नेण्याचं काम मात्र दुकानाकडून गिऱ्हाइकाकडे आलं. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातात होती फक्त टोपली. टोपली जड झाली की खरेदी थांबे.

ओक्लाहोमा सिटीत सुपरमार्केटं चालवणाऱ्या सिल्व्हन गोल्डमनच्या हे ध्यानात आलं. एका रात्री ऑफिसात बसलेला असताना त्याची नजर लाकडी घडीच्या खुर्चीवर गेली. बैठकीवर टोपली ठेवली, तिच्याखाली आणखी एक अडकवली आणि पायांना चाकं लावली तर? फ्रेड यंग नावाच्या कारागिराला हाताशी धरून त्याने तसा सांगाडा करून घेतला. दोन तारेच्या टोपल्या, चार चाकं, आणि काम झालं की मिटून भिंतीला लावता येणारी चौकट. 4 जून 1937 रोजी ही गाडी गिऱ्हाइकांसमोर आली आणि कुणी तिला हात लावेना. तरुण पुरुषांना ती ढकलणं दुबळेपणाचं वाटे. बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून झाल्या, आता ही कशाला? म्हाताऱ्यांना आपण अगदीच थकलेले दिसू याची लाज वाटे. अखेर गोल्डमनने वेगवेगळ्या वयाची माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत खरेदी केल्यासारखं फिरायला लावलं. त्यांना बघून बाकीच्यांची भीड चेपली. 1940 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

गोल्डमनच्या गाडीची अडचण अशी की प्रत्येक वेळी टोपल्या काढा, चौकट मिटवा, पुन्हा उघडा, पुन्हा टोपल्या लावा. त्यावरचा उपाय 1946 साली कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने काढला आणि आजच्या ट्रॉलीचं रूप तिथेच ठरलं. त्याने टोपली चौकटीला कायमची जोडली, पुढच्या बाजूला निमुळती केली आणि मागची जाळी वरच्या कडेला बिजागरी लावून टांगती ठेवली. मागून दुसरी ट्रॉली ढकलली की ही जाळी वर उचलली जाते आणि दुसरी पहिलीत शिरते. घरातल्या डब्यांसारख्या एकात एक बसणाऱ्या या ट्रॉल्यांमुळे पन्नास ट्रॉल्यांची रांग थोड्या जागेत मावू लागली. गोल्डमननेही तशीच ट्रॉली बाजारात आणली आणि दोघांत पेटंटचा वाद झाला. 1949 मध्ये तडजोड झाली. पेटंटवरचा हक्क वॉटसनकडे राहिला, बनवण्याचा परवाना गोल्डमनला मिळाला. वॉटसनची ट्रॉली आणि त्याची कागदपत्रं आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली, दुकानांभोवती मोठमोठे पार्किंगचे पट्टे आले आणि ट्रॉली पहिल्यांदा दाराबाहेर पडली. फळी, गल्ला, डांबरी पट्टा, डिकी. तिची वाट इथे संपायची, असं दुकानदारांनी गृहीत धरलं. पुढे हीच ट्रॉली लंडनमध्ये, सिंगापूरमध्ये, सिडनीत गेली. तिथे लाखो लोक चालत, बसने किंवा ट्रेनने बाजारात येतात. ते ट्रॉली घेऊन पार्किंगची हद्द ओलांडून पुढे निघाले यात अनपेक्षित असं काही नव्हतं.

ट्रॉली बाहेर आली की तिचं काय होतं हे बरंचसं तिची चाकं ठरवतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या ट्रॉलीची मागची दोन चाकं सरळ बसवलेली असतात, पुढची दोन फिरती. ती सरळ जाते, पण अरुंद जागेत वळायला कुरकुरते. ब्रिटनमध्ये चारही चाकं फिरती असतात, त्यामुळे ट्रॉली जागच्या जागी आडवी सरकवता येते. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ही सोय छान आहे. फूटपाथवर तीच डोकेदुखी होते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फूटपाथला रस्त्याच्या बाजूला किंचित उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण भरलेली ट्रॉली तो लगेच ओळखते आणि गटाराकडे ओढ घेऊ लागते. नेणाऱ्याला एका हाताने ढकलत दुसऱ्या हाताने तिला घराकडच्या बाजूला खेचत राहावं लागतं. फरशीचा सांधा उखडलेला असला की पुढचं चाक त्यात जाऊन आडवं होतं. त्यात चढ आला तर निम्म्या वाटेवर पिशव्या हातात घेऊन ट्रॉली तिथेच सोडली जाते. बसथांब्यापाशी आणि चढाच्या पायथ्याशी ट्रॉल्या का साचतात, याचं उत्तर रस्त्याच्या बांधणीतच आहे.

तिथून पुढचा प्रवासही उताराचाच. वारा, थोडी दांडगाई, एखादा धक्का, आणि ट्रॉली गडगडत सखल भागाकडे जाते. शहरात सखल भाग म्हणजे नाला, ओढा, कालवा. इंग्लंडमधल्या कालव्यांच्या सफाईत ट्रॉल्या इतक्या निघतात की तिथल्या लोकांना त्यात काही नवीन वाटत नाही. पाण्यात पडलेली ट्रॉली निव्वळ गंजत पडत नाही. तिच्या जाळीत फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या अडकतात, त्यावर गाळ बसतो आणि अरुंद ओढ्यात ती छोटासा बांध होऊन बसते. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग तार फुगते आणि सांध्यांवर तुटते. काठावरून दोर टाकून अशी ट्रॉली ओढून काढायला दोन-तीन धडधाकट माणसं लागतात, कारण वजन तिचं कमी आणि तिच्यात भरलेल्या चिखलाचं जास्त असतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला चित्रकार ज्युलियन मॉन्टेग्यू या ट्रॉल्यांचे फोटो वर्षानुवर्षं काढत राहिला आणि 2006 मध्ये त्याने ‘द स्ट्रे शॉपिंग कार्ट्स ऑफ ईस्टर्न नॉर्थ अमेरिका’ हे पुस्तक केलं. पक्षी किंवा झाडं ओळखायला जशी मार्गदर्शक पुस्तकं असतात, त्या धर्तीवर त्याने ट्रॉल्यांचं वर्गीकरण मांडलं. मुख्य वर्ग दोन: दुकानाच्या आसपास आहे आणि परत जाण्याची शक्यता आहे ती खोटी भटकी, आणि परत जाणार नाही ती खरी भटकी. मग पोटप्रकार. बर्फ काढणाऱ्या यंत्राखाली चिरडलेली, पुलावरून खाली टाकलेली, वेलींनी आणि गाळाने इतकी वेढलेली की निसर्गानेच तिला आपली करून घेतलेली. सर्वांत विचित्र शीर्षकाचं पुस्तक म्हणून त्याला ब्रिटनमधलं डायग्राम पारितोषिकही मिळालं. त्या बक्षिसामुळे पुस्तकाकडे गंमत म्हणून पाहिलं गेलं, पण त्याची नजर मला मोलाची वाटते. एखादी ट्रॉली नेमकी कुठे, कशी पडली आहे हे बारकाईने नोंदवल्याशिवाय ती तिथे का आली हे कळणार नाही, एवढा साधा आग्रह त्यामागे आहे. ट्रॉली चित्रातही आली: बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने 2005 मध्ये फ्रेंच चित्रकार मोनेच्या कमळांच्या तळ्यात दोन ट्रॉल्या बुडवलेलं चित्र रंगवलं. ऑक्टोबर 2020 मध्ये सदबीजच्या लिलावात त्याला 75 लाख पौंडांहून जास्त किंमत आली. चित्रातल्या ट्रॉलीला एवढा भाव आणि खऱ्या ओढ्यातली काढायला स्वयंसेवक शोधावे लागतात, ही विसंगती मला बोचते.

ट्रॉली बाहेर जाऊ नये म्हणून दुकानांनी जे उपाय केले त्यांत दोन ठळक. पहिला नाण्याचा. युरोपात आल्डी या जर्मन साखळीच्या दुकानांतून तो बहुतेकांना ठाऊक झाला, आणि 2001 मध्ये आल्डी ऑस्ट्रेलियात आली तेव्हा तिथेही. हँडलवर एक डबी असते, तिला वीतभर साखळी आणि साखळीच्या टोकाला चपटी किल्ली. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॉलीची किल्ली शेजारच्या ट्रॉलीच्या डबीत अडकवलेली. खाचेत नाणं सरकवलं की किल्ली सुटते, आणि ट्रॉली परत रांगेत लावून किल्ली आत ढकलली की नाणं बाहेर येतं. वीज नाही, माणूस नाही, एक-दोन डॉलरच्या लोभावर चालणारं यंत्र. मला ते फार आवडतं, कारण ते कुणावर आरोप करत नाही. टाकून दिलेली ट्रॉली सापडली तर ती परत नेणाऱ्या मुलालाही खाऊचे पैसे मिळतात.

दुसरा उपाय चाकाच्या कुलुपाचा. पार्किंगच्या हद्दीवर डांबराखाली एक तार पुरलेली असते, तिच्यातून मंद लहरींचा संदेश जातो. ट्रॉलीच्या एका चाकात तो ओळखणारं यंत्र असतं. हद्द ओलांडताच चाकातला ब्रेक आवळला जातो आणि ट्रॉली जागीच थांबते. याने ट्रॉली वाचते खरी, पण सामानाचं काय? गुडघेदुखी असलेली आजी चार पिशव्या घेऊन त्या रेषेवर उभी राहते आणि तिथून तिचा प्रश्न सुरू होतो. या उपायाने दुकानाचं नुकसान टळलं, गिऱ्हाइकाची अडचण होती तिथेच राहिली.

कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे. ब्रिटनमध्ये 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्थानिक संस्था बेवारस ट्रॉली उचलून ठेवू शकते आणि दुकानाकडून खर्च वसूल करू शकते. कॅलिफोर्नियात दुकानाला कळवल्यावर कामाचे तीन दिवस मुदत द्यावी लागते. न्यू साउथ वेल्समध्ये 1993 चा कायदा मोडीत काढून सार्वजनिक जागेतल्या बेवारस मालमत्तेचा नवा कायदा 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू झाला. मोकाट जनावरं, सोडून दिलेल्या गाड्या, भाड्याच्या सायकली आणि ट्रॉल्या, सगळं त्याच एका कायद्यात आलं. ट्रॉली वाट अडवत असेल किंवा तिच्यामुळे धोका असेल तर कळवल्यापासून तीन तासांत मालकाने ती उचलायची, नाहीतर दंड आणि ट्रॉली काउन्सिलच्या कोंडवाड्यात. जबाबदारी मालकावर टाकली हे योग्यच झालं. अंध माणूस किंवा व्हीलचेअरवरची बाई फूटपाथवर अडकली तर तिला दिवसभर थांबा म्हणता येत नाही.

पण मालकाने ट्रॉली उचलायची म्हणजे प्रत्यक्षात कुणी? या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी माणसं इथे येतात. चकाकत्या पिवळ्या जाकिटातला, बहुधा विशी-पंचविशीतला मुलगा, ट्रॉल्यांची लांब रांग पट्ट्याने बांधून ढकलत असतो. पट्ट्याचं एक टोक पहिल्या ट्रॉलीला, दुसरं मनगटाला. सगळा भार पुढे, वळण घेताना रांगेचं डोकं एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. बाहेरच्या गल्ल्यांतून ट्रॉल्या आणायला मागे ट्रेलर लावलेली गाडी असते. एकेक ट्रॉली हाताने उचलून वर चढवायची, बांधायची. उन्हाळ्यात पार्किंगचं डांबर तापलेलं असतं आणि हँडल सोडून बाकी सगळी ट्रॉली लोखंडाची.

ऑस्ट्रेलियात हे काम वर्षानुवर्षं कंत्राटाने चालत आलं. सुपरमार्केटने कंत्राटदाराला द्यायचं, त्याने पोटकंत्राटदाराला, त्याने आणखी कुणाला. दर पायरीवर कुणीतरी आपला वाटा काढायचा, आणि तळाशी ढकलणाऱ्याच्या हाती किमान वेतनही यायचं नाही. कामगारांत परदेशातून आलेले, हक्कांची माहिती नसलेले तरुण मोठ्या संख्येने. 2014 मध्ये फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेशी लेखी करार करून कोल्स या साखळीने जबाबदारी स्वीकारली, ॲडलेडच्या कामगारांची थकबाकी भरली आणि हे काम स्वतःच्या पगारी नोकरांकडे वळवायला घेतलं. 2016 मध्ये याच यंत्रणेने वूलवर्थ्स या दुसऱ्या साखळीच्या 130 दुकानांतल्या ट्रॉली कामाची पाहणी प्रसिद्ध केली. 79 टक्के ठिकाणी नियम मोडल्याची चिन्हं सापडली, जवळजवळ निम्म्या ठिकाणी गंभीर. रोखीने दिलेला पगार, नोंदींत फेरफार, असं बरंच काही. पुढच्या वर्षी वूलवर्थ्सनेही सुधारणेचा करार केला. बेवारस ट्रॉल्यांबद्दल तक्रार करणाऱ्या नागरिकांना या पाहणीची माहिती असायला हवी. ट्रॉली नाहीशी होते तेव्हा ती कुणाच्या तरी अंगमेहनतीने नाहीशी होते, आणि त्या मेहनतीचा मोबदला बराच काळ बुडवला गेला.

आणखी एक वर्ग असा, ज्याच्यासाठी ट्रॉली हेच घराचं कपाट आहे. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात बेघर माणसं आपली अंथरुणं, कागदपत्रं, औषधं ट्रॉलीत ठेवतात. अंघोळीला, शौचाला, जेवायला किंवा कोर्टाच्या तारखेला जाताना ती थोडा वेळ फूटपाथवर ठेवावी लागते. 2011 मध्ये शहराच्या कर्मचाऱ्यांनी असं ठेवलेलं सामान उचलून जागेवरच नष्ट केलं. त्यावर काही जण न्यायालयात गेले. ‘लॅव्हन विरुद्ध लॉस एंजेलिस शहर’ या खटल्यात 2012 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की थोडा वेळ लक्ष नसलं म्हणून वस्तू बेवारस होत नाही, आणि बेघर माणसाच्या सामानालाही घटनेचं संरक्षण आहे. फूटपाथवरच्या प्रत्येक ट्रॉलीकडे कचरा म्हणून पाहणाऱ्या नजरेला हा निकाल चांगला लगाम घालतो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत मोठी सुपरमार्केटं येऊन बराच काळ झाला, ट्रॉल्याही आल्या, तरी त्या गल्लीबोळांत हिंडताना सहसा दिसत नाहीत. दारावर रखवालदार असतो हे एक. बाहेर पडताच रिक्षा मिळते हे दुसरं. आणि कोपऱ्यावरचा वाणी आजही तेलाचा डबा घरी पाठवून देतो हे तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत मोठं. दुकान ते घर हे अंतर इथे अजून कुणीतरी पगार घेऊन कापतं. तो माणूस जिथे काढून टाकला, तिथे त्याच्या जागी ट्रॉली आली आणि ती रस्त्यात राहू लागली. तेव्हा दुकानांना माझं सांगणं आहे की चाकाला कुलूप लावण्याआधी चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाला सामान घरी पोचवायची स्वस्त सोय द्या, आणि काउन्सिलांनी स्टेशन ते वस्ती हा फूटपाथ सपाट आणि सलग करावा.

तुमच्या घरातलं कुणी सिडनीला शिकायला किंवा नोकरीला जाणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात दोन चाकांची ओढायची पिशवी घ्यायला सांगा. वीस किलोपर्यंतचं सामान तिच्यात सहज येतं. नाइलाजाने ट्रॉली घरापर्यंत नेलीच तर त्याच संध्याकाळी परत नेऊन लावायला सांगा, आणि तेही जमत नसेल तर निदान उतारापासून आणि ओढ्यापासून लांब, वाट मोकळी ठेवून उभी करायला. दुसऱ्या कुणाची दिसली तर हँडलवरच्या नंबरावर कळवावं. ऑस्ट्रेलियात 1800 ने सुरू होणाऱ्या नंबरांवर फोन करायला पैसे पडत नाहीत.